सात तारखेचे जेवण

आमच्या संसारातली बहुतेक महत्त्वाची भांडणे हॉटेलात झाली. यावरून आम्ही फार चैनी माणसे असू, असा कुणाचा समज होईल तर तो खरा नाही. महिन्यातून एकदा, सात तारखेला, माझा पगार होई त्या संध्याकाळी आम्ही दोघे बाहेर जेवत असू. सुट्टीबिट्टी आली तर एखादा दिवस मागेपुढे. एकच मूल पुरे हा निर्णय अंबरनाथ स्टेशनजवळच्या एका उडप्याकडे, इडली संपवून कॉफीची वाट पाहताना झाला. गिरगावातल्या खोलीवरचा हक्क धाकट्या भावाला सोडून द्यावा की नाही यावर उल्हासनगरात एका संध्याकाळी आम्ही इतके भांडलो, की वाढपी बिल घेऊन दोनदा आला आणि दोनदा तसाच परत गेला. आवाज मात्र एकदाही चढला नाही. हॉटेलात तो चढवता येत नाही, आणि आमच्यासारख्या चढ्या आवाजाच्या माणसांचा संसार टिकायला याची मदतच झाली असावी.

घरात का भांडत नव्हतो, याचे उत्तर घराच्या आकारात आहे. १९९१ साली आम्ही गिरगावातून बदलापूरला आलो. चाळीतली खोली भावाकडे राहिली, आई आमच्याबरोबर आली. तेव्हा गिरगाव-दादरकडची पुष्कळ मराठी कुटुंबे मध्य रेल्वेच्या मार्गाने अशीच पुढे पुढे सरकत होती. डोंबिवली परवडेना, कल्याण परवडेना, मग बदलापूरला उतरायचे. आमचे घर एक खोली आणि स्वयंपाकघर. आई स्वयंपाकघरात झोपे, आम्ही बाहेरच्या खोलीत; पुढच्या वर्षी मुलगाही झाला. दोन्हींच्या मधल्या चौकटीला दार नव्हते, पडदा होता. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्याकडे मधे धड भिंतच नव्हती. आईची झोप सावध. रात्री एखादा शब्द जरा जोराने गेला की पलीकडून "काय रे, पाणी आलं का?" असा प्रश्न येई. बदलापुरात पाणी कधीही येत असल्यामुळे या प्रश्नात संशय घेण्यासारखे काही नसे.

आई बाहेरचे शिजवलेले अन्न खात नसे. सोवळे-ओवळे तिने बरेच सैल केले होते, पण हे एक राखले होते. कोरडे चाले: चणे, कुरमुरे, लाह्या, न भाजलेला पापड. मासळी घरात यायची नाही हे तर सांगायलाही लागत नसे. बायकोचे माहेर रत्नागिरीकडचे. लग्न ठरले तेव्हा तिच्या वडिलांनी हसत हसत "आमच्या मुलीला बांगड्याची आठवण येईल हो" असे म्हटले होते आणि आम्हीही हसलो होतो.

ती उल्हासनगरात चार नंबरच्या कॅम्पातल्या एका शाळेत मराठी शिकवायची. मी भांडुपच्या एका कारखान्यात हिशेबनीस. त्यामुळे सात तारखेचा बेत असा ठरून गेला: मी कामावरून सुटून साडेसातच्या सुमारास उल्हासनगरला उतरायचे, ती स्टेशनात पुलाच्या जिन्याशी उभी असायची, आणि मग तिथेच किंवा एक स्टेशन पुढे, अंबरनाथला, जेवून दोघांनी बदलापूर गाठायचे. पहिल्या वर्षी मी विचारायचो, "खूप वेळ थांबलीस का?" ती म्हणायची, "नाही हो, आत्ताच आले." पुढे मी विचारणेही सोडून दिले. या वाक्याकडे मला परत यायचे आहे.

त्या काळच्या हॉटेलातल्या 'फॅमिली रूम'विषयी आजच्या तरुण वाचकाला थोडे सांगायला हवे. प्लायवूडचे आडोसे घालून केलेले खण, खणाला पडदा किंवा अर्धे झुलते दार, दोन खणांत मिळून एक पंखा. आपण पायरी चढलो की गल्ल्यावरचा माणूस आपल्याकडे न पाहता आत ओरडे, "फॅमिली!" ही फॅमिली म्हणजे मी नव्हे. मी एकटा गेलो असतो तर मला बाहेर तीन अनोळखी माणसांच्या टेबलावर चौथा म्हणून बसवले असते. बाप आणि मुलगा म्हणजे फॅमिली नव्हे, दोन सख्खे भाऊ म्हणजेही नव्हे. सोबत बाई असली की फॅमिली. कारखान्यांच्या गावांत हा शब्द याच अर्थाने रुळला आहे. 'फॅमिली गावाला गेलीय' म्हणजे बायको गावाला गेलीय.

अंबरनाथ असे कारखान्यांचेच गाव. तिथले शिवमंदिर शके ९८२चे, म्हणजे इसवी सन १०६०चे, शिलाहारांच्या वेळचे. पण गाव वाढले ते विमकोच्या काडेपेट्यांवर, रसायनांच्या कारखान्यांवर आणि ऑर्डनन्स फॅक्टरीवर. पाळीवर जाणारा, पाळीवरून सुटलेला पुरुष हे तिथल्या हॉटेलाचे खरे गिऱ्हाईक. त्याला पटकन खायचे असते, उभ्याउभ्याही चालते. बाईने हॉटेलात येणे हा अपवाद, म्हणून त्या अपवादाला पडदा. आमच्या उडप्याकडे असे चार खण होते आणि त्यातला कोपऱ्यातला आमचा ठरलेला. वाढपी पडद्याबाहेरून आधी खाकरे आणि मग आत येई. नवपरिणीत जोडप्यांसाठी त्याने ती सवय लावून घेतली असणार. आम्ही आत बसून विम्याच्या हप्त्यांवर वाद घालत असू हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही तो दर वेळी खाकरायचा, आणि दर वेळी ती किंचित लाजायची. लग्नाला दहा वर्षे झाली तरी लाजायची.

मराठीत खाण्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. एकीकडे लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' आणि कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' अशी पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकघरात राहिलेली पुस्तके, दुसरीकडे पु. लं.च्या 'माझे खाद्यजीवन'सारखे ललित लेख, विद्यार्थिदशेतल्या खानावळींच्या आठवणी, इराण्याकडच्या ब्रूनमस्क्याचे गुणगान. हे सगळे मी आवडीने वाचले आहे. पण वाचताना एक विभागणी जाणवते. चवीच्या आठवणी लिहिणार पुरुष, आणि कृती लिहिणार बायका. दुर्गाबाई भागवतांचे 'खमंग' हा एक ठळक अपवाद, आणि दुर्गाबाई कशाला अपवाद नव्हत्या! शिवाय आपल्या ललित लेखनातल्या हॉटेलात सहसा पुरुष एकटा असतो किंवा मित्रांत असतो. तो बायकोला घेऊन हॉटेलात गेला, ती काय म्हणाली, तिने काय मागवले, हे माझ्या वाचनात फार थोडे आले. यावर मी कधीतरी लिहीन असे पुष्कळ वर्षे म्हणत होतो. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले, की तिने काय मागवले हे मला आठवते, पण ते तिच्या वाट्याला कसे आले हे मला बारा वर्षे माहीतच नव्हते.

आधी उल्हासनगरविषयी.

लढाईच्या काळात इथे लष्कराची छावणी होती, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत जागा दिली गेली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी वस्तीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव बदलले तरी माणसे अजून 'तीन नंबर', 'पाच नंबर' असे कॅम्पाच्या आकड्यांनीच पत्ता सांगतात. मुंबईच्या मराठी माणसाला हे गाव माहीत असते ते नकली मालावरच्या विनोदांतून. त्या विनोदांनी माझेही मन तयार झालेले होते हे कबूल करतो. बायकोचे तसे नव्हते. तिच्या शाळेतल्या निम्म्याहून अधिक बाई सिंधी, आणि मधल्या सुट्टीत डबे उघडले की भूगोल आणि इतिहास दोन्ही विषय बाहेर पडत.

कढीची गोष्ट तिने मला घरी येऊन मोठ्या आश्चर्याने सांगितली होती. "त्यांच्या कढीत ताकच नाही!" बेसन तेलात खमंग भाजायचे, चिंचेचे आंबट, आत भेंडी, शेवग्याच्या शेंगा, बटाटा, आणि ती भातावर घ्यायची. आईने आतून ऐकले आणि म्हणाली, "मग तिला कढी का म्हणायचं?" प्रश्न बिनतोड होता. कोकी नावाची कांदा घातलेली जाड पोळी, जी आधी अर्धवट भाजून मग तुपावर पुन्हा भाजतात. पालक, आंबट चुका, शेपू आणि हरभऱ्याची डाळ एकत्र शिजवून घोटलेली साई भाजी. कमळाच्या देठाची, म्हणजे 'भीं'ची भाजी. ही करायची तर आधी देठातला चिखल धुवावा लागतो आणि त्यात अर्धा दिवस जातो. एक वयस्क बाई सांगत, की लहानपणी आईवडिलांबरोबर कराचीहून बोटीने आलो तेव्हा सामानात पापडांचा डबा होता. सिंधी घरात पाहुण्यापुढे पाण्याबरोबर पापड ठेवतात. कोरडा, टिकाऊ, दूर नेण्यासारखा पदार्थ. हे ऐकल्यावर बायकोने उल्हासनगरातल्या एका दुकानातून काळी मिरी घातलेले सिंधी पापड आणले आणि आईपुढे ठेवले. न भाजलेले, म्हणजे नियमात बसणारे. आईने एक स्वतः निखाऱ्यासारख्या मंद गॅसवर भाजला, तुकडा मोडला, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मिरी चांगली आहे." तेव्हापासून दर सात तारखेला आमच्याबरोबर घरी पापडाचे एक पाकीट जाऊ लागले. बाहेर जेवून आल्याचा आमचा तो दंड होता म्हणा.

मात्र हे पदार्थ उल्हासनगरच्या हॉटेलात शोधायला गेलो तर मिळत नसत. रविवारी सकाळी गाड्यांवर दाल पकवान मिळे: मैद्याचा तळलेला कुरकुरीत पकवान, वर घट्ट चणाडाळ, चिंचेची आंबटगोड चटणी, हिरवी चटणी, कच्चा कांदा. पकवान हाताने मोडून डाळीत बुडवायचा. उशीर केला तर तो मऊ पडतो आणि आपली फजिती होते. मुलाला घेऊन आम्ही कधी रविवारी गोल मैदानाकडे फिरकलो की हे खायचो. पण संध्याकाळच्या बसून जेवायच्या हॉटेलात, मालक सिंधी, गिऱ्हाईक सिंधी, आणि मेन्यूवर काय? पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, हक्का नूडल्स. बायकोने एकदा मालकाला विचारलेही, साई भाजी का ठेवत नाही? तो म्हणाला, "बहनजी, घर का खाना कोई पैसा देके क्यों खाएगा?"

हे उत्तर आमच्यावरही लागू होते. महाराष्ट्रातल्या मराठी मालकाच्या हॉटेलात तेव्हा वरणभात-अळूची भाजी तरी कुठे मिळत होती? दादर-गिरगावातली मोजकी ठिकाणे सोडली तर घरचे जेवण म्हणजे खानावळ, आणि खानावळ म्हणजे नाइलाज. हॉटेलात जायचे ते घरी होत नाही ते खायला. ती लाल, मलईदार ग्रेव्ही कुणाच्याच घरची नव्हती, म्हणून सगळ्यांना चालत होती. गंमत अशी, की ती ग्रेव्हीही निर्वासितांचीच. पेशावरहून दिल्लीला आलेल्या पंजाब्यांनी दर्यागंजमध्ये मोती महल काढले आणि तिथला तंदूर आणि टोमॅटो-लोण्याचा रस्सा पुढे देशभर पसरला. सिंधच्या निर्वासिताच्या हॉटेलात पेशावरच्या निर्वासिताची ग्रेव्ही, आणि ती खाणारे आम्ही गिरगावातून हटलेले. बायकोला मी हे एकदा मोठ्या ऐटीत ऐकवले. ती म्हणाली, "आपल्याला कुणी हाकललं नव्हतं हो. आपल्याला भाव परवडत नव्हता." ती शिक्षिका आहे, तुलना तपासून घेते.

मासे मात्र अंबरनाथला. बाजाराच्या बाजूला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मालवणी खानावळ होती. चार टेबले, भिंतीवर सिंधुदुर्गाचे कॅलेंडर. तिथे फॅमिली रूम नव्हती, कारण चालवणारीच बाई होती. दोन-तीन महिन्यांतून एकदा सात तारीख तिथे साजरी होई. ती बांगड्याचे ताट घेई, मी शाकाहारी ताट घेऊन समोर बसे. पहिल्यांदा मला वास सोसला नाही, मी खिडकीकडे तोंड करून बसलो. तिने ते पाहिले आणि पुढचे तीन महिने मासे मागवलेच नाहीत. मग मीच एकदा तिला तिथे घेऊन गेलो आणि तोंड फिरवले नाही. ती मासा खाताना बोलत नाही. काटे काढण्यात, डोके वेगळे करून शेवटी ठेवण्यात, सोलकढीचा घोट कधी घ्यायचा हे ठरवण्यात तिचे पूर्ण लक्ष असते. शेवटी लिंबाची फोड हाताला चोळून चोळून हात धुवायचे, तीनदा, आणि बडीशेप. घरी गेल्यावर आई पापड घेई, ठेवून देई, आणि म्हणे, "दमला असाल, झोपा." तिला वास येत नसेल यावर माझा आज विश्वास नाही.

बदलापुरात तेव्हा फारसे काही नव्हते. स्टेशनजवळ एक बरे हॉटेल होते, पण त्याचा 'एसी फॅमिली' विभाग वरच्या मजल्यावर आणि जिना परमिट रूममधून. एकदाच गेलो. ग्लासांवर वाकलेल्या वीसेक माणसांमधून ती पदर सावरत जिना चढली, वर बसली आणि म्हणाली, "वर काही नको, खाली जाताना पुन्हा यातूनच जायचंय." आम्ही लिंबू सरबत पिऊन उतरलो. बारवीच्या रस्त्यावर आगरी घरांतून मटण-भाकरी मिळते, पावसाळ्यात तिथे मुंबईहून गाड्यांची रीघ लागते. पण आमच्या सात तारखेत ते बसणारे नव्हते.

तर ते वाक्य.

एप्रिल २००३च्या सात तारखेला उल्हासनगरातल्या त्या हॉटेलात मी तिला सांगितले, की कारखान्याची 'स्वेच्छानिवृत्ती' निघाली आहे आणि स्वेच्छा कुणालाही विचारलेली नाही. मी त्रेचाळीस वर्षांचा होतो, मुलगा अकराचा. सांगायच्या आधी मी मुद्दाम भरपूर मागवले होते. तिने ऐकून घेतले, आणि मेन्यू पुन्हा हातात घेतला. ती काय पाहते आहे म्हणून मी पाहिले, तर तिचे बोट उजव्या बाजूच्या आकड्यांवरून खाली उतरत होते. मग तिने वाढप्याला हाक मारून पुलाव रद्द केला. "आत टाकला नसेल तर बघा हं," असे फार मऊ आवाजात. त्या रात्री भांडण झाले नाही.

जूनअखेर मी घरी बसलो. जुलैची सात तारीख, सोमवार. पगार नाही, तर जेवण कसले, असे मी धरून चाललो होतो. पण शाळेला निघताना तिने चपला घालता घालता सांगितले, "आज सात आहे. साडेसातला या उल्हासनगरला." मला बरे वाटले. दुपारभर मी कपड्यांना इस्त्री वगैरे केली. सहाला पाच-दहा मिनिटे असताना दार वाजले. ती. छत्री गळत होती. मला पाहून ती दारातच एक क्षण थबकली, जसे एखाद्याच्या खोलीत चुकून गेल्यावर थबकतो. मग आत आली, पदर खोचला आणि ओट्याशी उभी राहिली. तांदूळ धुऊन कुकर लावला. भाजी सकाळीच चिरून ठेवलेली होती, ती फोडणीला टाकली. आईसाठी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, मुलासाठी पोळ्या. आईचे ताट वाढून झाकून ठेवले, मुलाचे वेगळे. हे सगळे पन्नास मिनिटांत, एकही भांडे दोनदा न उचलता. मी पडद्यापाशी उभा.

"आज लवकर सुटली शाळा?" मी विचारले.

"नाही. नेहमीसारखीच."

"मग इकडे आधी कशी आलीस?"

तिने हात पुसले. "आईंना गरम लागतं. बाहेरचं त्या खात नाहीत."

मुलगा जमिनीवर पालथा पडून गणिते सोडवत होता. त्याने मान वर करून तिला विचारले, "बाबांना माहीत नाही?"

बारा वर्षे. शाळा सुटली की उल्हासनगरहून बदलापूर, स्टेशनपासून घर पंधरा मिनिटे चालत, तीन जिने, सासूचा आणि मुलाचा स्वयंपाक, पुन्हा तीन जिने, पुन्हा स्टेशन, कल्याणकडे जाणारी गाडी, आणि साडेसातला उल्हासनगरच्या पुलाच्या जिन्याशी. 'आत्ताच आले' हे अक्षरशः खरे होते. मे महिन्यात तिला सुट्टी असे तेव्हा ती घरून येते हे मला माहीत होते. बाकीच्या महिन्यांत ती शाळेत वह्या तपासत थांबत असेल अशी माझी समजूत होती. आई काय जेवत असेल याविषयी माझी समजूत तर त्याहून धूसर होती: सकाळचे असेल काहीतरी, करून घेत असेल. तिच्या साडीला फोडणीचा वास येई, तो मी हॉटेलाच्या खात्यावर मांडत आलो. हिशेबनीस होतो मी.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे एकत्र स्टेशनवर गेलो. कल्याणकडे जाणारी गाडी बरीच रिकामी होती. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दारांत माणसे लटकलेली. ती सवयीने खिडकीशी बसली, तिने डोके मागे टेकले आणि डोळे मिटले. तेवढी पंधरा मिनिटे ती दर महिन्याला अशीच बसत असणार. मी विचारले, "सांगितलं का नाहीस?" डोळे न उघडता ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, मग जायला नको."

मी तसेच म्हणालो असतो. एवढा त्रास कशाला, आपण घरीच काहीतरी करू, असे म्हणालो असतो, आणि ते मोठ्या प्रेमाने म्हणालो असतो. घरीच काहीतरी कोण करणार होते, हा प्रश्न मला पडला नसता. आणि तिचा बांगडा गेला असता, ती भांडणे गेली असती, सगळेच गेले असते.

मी स्वयंपाक शिकलो. यात कौतुक करून घेण्यासारखे काही नाही. वेळच वेळ होता. वर्षभराने मला अंबरनाथला एका वखारीत हिशेब लिहायचे अर्धवेळ काम मिळाले, दुपारी चारला सुटायचो. सात तारखेला पाचपासून ओट्याशी. भाकरी जमायला दीड वर्ष लागले, तोवर पोळ्या, त्याही महाराष्ट्राच्या नकाशासारख्या. ताट झाकून मी साडेसहाला निघायचो आणि उल्हासनगरला जायचो, आणि आता ती खरोखरच शाळेत वह्या तपासत थांबायची. पहिल्या महिन्यात आईने दुसऱ्या दिवशी मला सांगितले, "काल भाजीत मीठ कमी होतं. तिला सांग." मी म्हटले, सांगतो. पुढच्या महिन्यात, "डाळ करपली होती. तिचं लक्ष नसतं अलीकडे." मी म्हटले, सांगतो. हे काही महिने चालले. ओट्याशी मी उभा असताना आई तिथेच पाटावर वाती वळत बसलेली असे, आणि तिची दृष्टी शेवटपर्यंत उत्तम होती.

आई २०११ साली गेली. मुलगा शिकून पुण्याला नोकरीला लागला. आता घरात दोन माणसे आहेत, आणि हवे तितक्या मोठ्याने भांडता येते. तरी सात तारीख आम्ही सोडलेली नाही. माझा पगार नाही, तिची निवृत्ती झाली. तारीख तेवढी उरली आहे. बदलापुरात आज जागोजागी काचेची हॉटेले झाली आहेत, तिथे पडदा नाही आणि वाढपी खाकरत नाही. अंबरनाथची मालवणी खानावळ बंद झाली. चालवणारी बाई मुलाकडे गेली असे खालच्या पानवाल्याने सांगितले. मासे आता दुसरीकडे शोधावे लागतात. मुलगा पुण्याहून मोबाइलवर आमच्यासाठी जेवण मागवतो, घरपोच येते. तिला ते फारसे आवडत नाही. म्हणते, डबे उघडून ताटात काढायचं, मग ताटं घासायची, यात बाहेर जेवणं कुठं आलं?

गेल्या सात तारखेला आम्ही उल्हासनगरला गेलो होतो. जेवण बरे होते, पनीर जरा चिवट. परतताना पापडाच्या दुकानावरून जायचा रस्ता. आईला जाऊन इतकी वर्षे झाली आणि घरातला पापडाचा डबा बसत नाही इतका भरलेला आहे. आम्ही दोघेही पापड फार खाणारे नाही; मिरी तिला सोसत नाही, मला डॉक्टरांनी मीठ कमी सांगितले आहे. दुकानात आता म्हाताऱ्याचा नातू बसतो. आम्हाला लांबून येताना पाहिले की तो फळीवरचे पाकीट काढून काउंटरवर ठेवतो. तिने पर्स उघडली, नेहमीप्रमाणे सुटे काढले, आणि पाकीट पिशवीत टाकले.